धंद्याचा हिशोब मालकाने स्वतः बघावा का? (जळगाव-धुळे-नंदुरबारच्या उद्योजकांनी कृपया लिहा)

तूरडाळ_जळगाव (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

आमच्या एमआयडीसीत मध्यंतरी एक कारखाना बंद पडला. नाव घेत नाही, घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. माल चांगला, गिऱ्हाईक बांधलेलं, मशीन दोन पाळ्यांत चालायचं. यंदा विक्री कधी नव्हे एवढी झाली, असं मालक शेवटपर्यंत सांगत होते आणि ते खरंही होतं. पण बँकेतलं कॅश क्रेडिटचं (माल आणि येण्यांच्या तारणावर हवं तसं उचलायचं-भरायचं कर्ज) खातं ९० दिवसांच्या वर अनियमित राहिलं, एनपीए म्हणजे थकीत कर्ज झालं आणि साठ दिवसांत सगळी रक्कम भरा अशी नोटीस आली, तेव्हा कुठे मालकांना प्रकरण किती पुढे गेलंय ते कळलं. अकाउंटंटला माहीत होतं. सीएंना अंदाज होता. बँकेचे फोन येत होते, ते ऑफिसात उचलले जात होते.

आता बाजारात सगळे म्हणतात, अकाउंटंटने बुडवलं. मला ते पटत नाही. एक रुपया कुणी खाल्लेला नाही. उधारी लांबत गेली, तिकडे लक्ष द्यायला कुणी नव्हतं, एवढीच गोष्ट आहे. मालकाने पैशावर नजर ठेवायची ती चोर पकडायला, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. माझं म्हणणं वेगळं आहे. चोरीतून जातं त्याच्या कितीतरी पट आपण अंधारात घेतलेल्या निर्णयांतून जातं.

डाळमिलचंच घ्या. बाजार समितीत शेतकऱ्याची तूर घेतली की पैसे त्याच दिवशी मोजायचे. डाळ विकायची मात्र उधारीवर. समजा रोज ४ लाखांची तूर घेतली, गोदामात १० दिवसांचा माल आहे आणि व्यापारी ४० दिवसांनी पैसे देतात. म्हणजे ५० दिवस गुणिले ४ लाख, २ कोटी रुपये कायम अडकलेले. आता धंदा वाढवला, रोजची खरेदी ५ लाखांवर नेली. अडीच कोटी लागणार. वरचे ५० लाख कुठून आणायचे? हा प्रश्न विक्री वाढवायच्या आधी विचारायचा असतो. आणि खरेदी तेवढीच ठेवून व्यापाऱ्यांनी ४० चे ५५ दिवस केले, तरी आणखी ६० लाख अडकतात. विक्रीच्या आकड्यात यातलं काहीही दिसत नाही.

नफ्याचंही तसंच. कर्जाचा हप्ता ३ लाखांचा आणि त्यात व्याज १ लाख असेल, तर नफा-तोटा पत्रकात खर्चाला फक्त तो १ लाख पडतो. मुद्दलाचे २ लाख, घरी उचललेले पैसे, नवीन मशीनचं बयाणं, हे सगळं त्या पत्रकाच्या बाहेर. म्हणून कागदावर नफा असतो आणि शनिवारी मजुरांचा पगार करायला पैसे नसतात.

हे अकाउंटंट लिहून ठेवेल, सीए तपासून देईल. पण कुणाची उधारी थांबवायची, कुठला हप्ता आधी भरायचा, खरेदी कधी आवरती घ्यायची, हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नसतं. तुमचा अनुभव लिहा.

---

केळी_रावेर

भाऊ, लेख चांगला आहे पण एक विचारतो. हंगामात आम्ही पहाटे चारला बागेत असतो. कापणी, पॅकिंग, ट्रक भरणं, ड्रायव्हर, दिल्लीचा भाव, शेतकऱ्याचे फोन. रात्री घरी आलो की भाकरी खायचं त्राण नसतं. वह्या कधी बघायच्या? माणूस ठेवलाय तो कशाला? त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर धंदाच करता येणार नाही. आमच्या वडिलांच्या वेळेला दिवाणजी होते, आयुष्यभर एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही.

मालकाने माल बघावा, गिऱ्हाईक सांभाळावं. कारकुनी करत बसला तर धंदा करणार कोण?

---

चोपडा_जिनिंग

रावेरवाले दादा, आमच्याकडे माल बघणं आणि पैसे बघणं वेगळं काढताच येत नाही. उदाहरण देतो.

जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात) एक क्विंटल कापूस गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. या उताऱ्यावर सगळा धंदा उभा आहे. दिवसाला ५०० क्विंटल कापूस ओढला आणि उतारा ३४ चा ३३ झाला, तर ५०० किलो रुई कमी निघाली. १७० किलोची एक गाठ, म्हणजे रोज जवळपास तीन गाठी. रुई दीडशे रुपये किलो धरा. तेवढं वजन सरकीत गेलं, त्याचे पैसे वजा केले तरी रोजचे पन्नास हजारांवर गेले. कापूस ओला घेतला असेल, वाण हलकं असेल, मशीनचे रोलर झिजले असतील किंवा काट्यावर गडबड असेल. कारण काहीही असो, ते त्याच आठवड्यात सापडलं पाहिजे. मार्चनंतर ताळेबंदात सापडून काय करायचं? हंगाम गेलेला असतो.

शेतकऱ्याकडून थेट कापूस घेतला की ५ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने आपणच भरायचा असतो, १५ नोव्हेंबर २०१७ पासून. तो रोखीनेच भरावा लागतो, जमा क्रेडिटमधून (खरेदीवर आधी भरलेल्या जीएसटीची वजावट) वळता करता येत नाही. नंतर क्रेडिट मिळतं हे खरं, पण गाठी विकल्या गेल्या नाहीत तर ते नुसतं पडून राहतं. महिनाभर दणकून खरेदी केली आणि २० तारखेला, जीएसटी भरायच्या दिवशी, खात्यात पैसे नाहीत, अशी वेळ नव्या जिनिंगवाल्यांवर हमखास येते. खरेदीचा सौदा करणाऱ्याच्या डोक्यात ही तारीख नसेल तर अकाउंटंट बिचारा काय करेल?

---

सीए_धुळे

या विषयावर आमच्या बाजूनेही लिहिलं पाहिजे.

लोकांना वाटतं सीए आहे म्हणजे कुणीतरी बघतंय. बहुतेक छोट्या धंद्यांत सीए वर्षातून एकदा पूर्ण चित्र बघतो, तेही वर्ष संपून चार-सहा महिने झाल्यावर. आमच्यासमोर येतात ते आम्हाला दिलेले आकडे. गोदामात पोती मोजायला आम्ही येत नाही. ऑडिट म्हणजे रोजची राखण नव्हे.

धागालेखकांनी कॅश क्रेडिटचा उल्लेख केलाय, तिथे एक गोष्ट नव्वद टक्के मालकांना सांगावी लागते. मंजूर मर्यादा ५० लाखांची आहे म्हणजे ५० लाख उचलता येतात असं नसतं. दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येण्यांचं पत्रक) जातं, त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष किती उचलता येईल ते, निघते. समजा माल ६० लाखांचा आहे आणि त्यातल्या २० लाखांचे पैसे तुम्ही अजून दिलेले नाहीत. तेवढे वजा. राहिले ४० लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन (तेवढा वाटा मालकाने स्वतः घालायचा), म्हणजे ३० लाख. येणी ३५ लाखांची आहेत, पण त्यातली १५ लाखांची ९० दिवसांच्या पुढे गेलीत. ती बँक सहसा धरत नाही. उरलेल्या २० लाखांवर ४० टक्के मार्जिन असेल तर १२ लाख. एकूण ४२. तुमचा हात ५० वर गेला असेल तर ८ लाखांनी खातं वर आहे. जुनी उधारी वसूल न होणं आणि बँकेत पत जाणं, हे असं थेट जोडलेलं आहे. पैसे थकले की पहिल्या ३० दिवसांतलं खातं एसएमए-० मध्ये (एसएमए म्हणजे बँकेने नजरेखाली ठेवलेलं खातं) जातं, ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२, नंतर एनपीए. कॅश क्रेडिटला एसएमए-० नसतं, ३० दिवस झाले की थेट एसएमए-१, पण मुद्दा तोच: बँक आधी इशारे देते. ते मालकाच्या मोबाइलवर पोचले पाहिजेत.

आणि पोचत नाहीत, त्याचं कारण साधं आहे. आज सगळ्यांनी एक काम करा. जीएसटी पोर्टल, आयकर पोर्टल, बँक आणि पीएफ, या चारही ठिकाणी मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा नोंदवलाय ते तपासा. नोंदणी करताना अकाउंटंटने किंवा सल्लागाराने सोयीसाठी स्वतःचा टाकलेला असतो. ओटीपी त्याला, नोटीस त्याला, मुदत संपल्याचा मेसेजही त्याला. डिजिटल सिग्नेचरचं टोकन त्याच्या ड्रॉवरमध्ये आणि सही केलेली कोरी चेकबुकं त्याच्याच कपाटात. तो माणूस देवासारखा असेल. उद्या त्याला अपघात झाला तर?

---

तूरडाळ_जळगाव

सीए साहेब, मोबाइल नंबरचं लाखमोलाचं सांगितलंत.

केळी_रावेर दादा, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. कारकुनी मालकाने करूच नये. बिलं चढवणं, रिटर्न भरणं, बँकेशी ताळमेळ लावणं, यासाठी माणूस हवाच. मी म्हणतो ते पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. सकाळी बँकेत शिल्लक किती, आज कुणाचे येणार, आज कुणाचे जाणार. शनिवारी उधारीची यादी, जुनी वर आणि नवी खाली. महिन्याला एकदा अकाउंटंटला समोर बसवून नफा-तोटा आणि बँकेचं स्टेटमेंट.

आणि विश्वासाबद्दल. तुमच्या वडिलांचे दिवाणजी प्रामाणिक होते यात शंकाच नाही. पण आठवून बघा, वडील रोज संध्याकाळी रोजमेळ बघायचे की नाही? त्या पिढीचे जवळजवळ सगळे व्यापारी बघायचे. शिल्लक मोजून, वहीवर टिकमार्क करून मगच गल्ला बंद. लक्ष्मीपूजनाला वही पुजायची आणि वर्षभर तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही, हे आपल्या पिढीने सुरू केलं.

---

हिशोबनीस_भुसावळ

मी याच कामात केस पांढरे केले आहेत, तीन-चार फर्मची पुस्तकं सांभाळली. अकाउंटंट म्हणून लिहितो.

मालक हिशोब बघतो म्हणजे आमच्यावर संशय घेतो, असं प्रामाणिक माणसाला कधीच वाटत नाही. उलट न बघणाऱ्या मालकाकडे काम करणं जास्त जिवावर येतं. कारण निर्णय घ्यायचा अधिकार आम्हाला नसतो आणि घ्यावा मात्र लागतो. खात्यात ५ लाख आहेत. पुरवठादार तीन वेळा येऊन गेलाय, टीडीएस ७ तारखेला भरायचा आहे, पीएफ १५ ला, विजेचं बिल थकलंय. मालकांना फोन केला तर म्हणतात, 'तू बघ रे काय ते.' मग मी पुरवठादाराला देतो, कारण तो समोर बसलेला असतो. टीडीएस राहतो. कापून घेतलेला टीडीएस वेळेत भरला नाही तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि वर्षाच्या शेवटी तेच मालक विचारतात, हे व्याज कसलं?

पुढचं जरा कडू आहे. मालक बघत नाही हे चार दिवसांत ऑफिसात सगळ्यांना कळतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. चांगला माणूसही पहिल्यांदा हजार रुपये 'पगारात वळते करू' म्हणून उचलतो, कुणी विचारत नाही, आणि पुढे ते वळते करायचं राहून जातं. एका चांगल्या मुलाचं असं आयुष्य खराब झालेलं मी पाहिलंय. महिन्याला कॅश मोजली जात असती तर पहिल्याच हजाराला तो थांबला असता. मालकाच्या नजरेने नोकराचंही रक्षण होतं, हे कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं.

---

साक्रीना_भाऊ

बराबर सांगं तुम्हीन. आमना गावमा बी एक दुकान असंच बसनं. धनी दिनभर गल्लावर बठे, पन उधारीनी वही उघाडी पाहे नही. पैसा आपला शे ते ध्यान बी आपलंच ठेवनं पडस.

---

मिरची_नंदुरबार

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझे यजमान ओली लाल मिरची घेऊन, पथारीवर वाळवून बाहेर पाठवायचा धंदा करायचे. अचानक गेले. दिवसकार्य होईपर्यंत लोक येऊन सांगू लागले की आमचे इतके द्यायचेत. काहींचं खरं होतं, काहींचं नव्हतं. आमचे कुणाकडे किती यायचेत हे सांगायला मात्र कुणी आलं नाही. सगळं त्यांच्या डोक्यात आणि एका डायरीत. डायरीत नुसती नावं आणि आकडे, येणं की देणं तेही लिहिलेलं नाही. बँकेत गेले तर खात्याला वारसाचं नाव नाही. पथारीवर माल पडलेला, वर आभाळ आलेलं आणि बायकांची मजुरी आठवड्याला द्यायची.

धंदा सोडला नाही. आधी डायरीतलं एकेक नाव घेऊन फोन लावले. ज्यांनी स्वतःहून 'ताई, इतके राहिलेत' म्हणून पाठवले, त्यांच्याशी आजही व्यवहार आहे. मग वजनं लिहायला लागले. ओली मिरची किती आली, वाळून किती उरली, देठ-फटकीत (रंग उडालेल्या मिरचीत) किती गेलं. भाव चढा असूनही काही लॉटमध्ये तोटा का व्हायचा ते तेव्हा उमगलं. ओलाव्याप्रमाणे भाव न पाडता सरसकट एका भावाने घेतलेला माल होता तो. यजमानांना हे नजरेने कळायचं, मला कागदावर शिकावं लागलं.

सगळ्यांना हात जोडून सांगते, आपला व्यवहार घरातल्या एका तरी माणसाला समजून सांगा. बायकोला सांगा, मुलीला सांगा. 'तुला काय कळतंय' म्हणू नका. खात्याला नॉमिनी लावा, भागीदारीचा करारनामा कुठे आहे ते दाखवून ठेवा.

---

अमळनेरकर

ताई, तुम्हाला मनापासून नमस्कार.

आमच्या गावचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी या संदर्भात आठवलं. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. १९६६ मध्ये संस्थापक हशम प्रेमजी वारले, तेव्हा मुलगा अझीम २१ वर्षांचा, अमेरिकेत शिकत होता. तो परत आला आणि तीच कंपनी पुढे विप्रो झाली. असा वारसा ताब्यात घेता येतो त्याचं एक कारण, कंपनीची पुस्तकं रीतसर होती. भागधारक होते, संचालक मंडळ होतं, वर्षाचे हिशोब छापले जात होते. आपल्या मालकीच्या पेढ्यांत हे काहीच नसतं. मालक हेच पुस्तक. म्हणून ते लिहून ठेवायची गरज आपल्याला मोठ्या कंपनीपेक्षा जास्त.

---

आयटीतून_परत

मी पुण्यातली नोकरी सोडून वडिलांच्या प्लास्टिक चटईच्या युनिटमध्ये आलोय. सगळं ऑनलाइन केलं, मोबाइलवर रोज विक्री, येणी, शिल्लक दिसते. मग वेगळं बसून बघायची गरज आहे का? आणि ते ४५ दिवसांचं पेमेंट प्रकरण नक्की काय आहे?

---

सीए_धुळे

मोबाइलवर दिसतं ते कुणीतरी चढवलेलं असतं. चढवलंच नाही तर दिसणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा बँकेचं मूळ स्टेटमेंट पुस्तकांशी जुळवा आणि गोदामात स्वतः जाऊन माल मोजा. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग असलेलंच सॉफ्टवेअर वापरायचं बंधन आहे. कोणती नोंद कधी बदलली ते त्यात राहतं. वडिलांची मालकी पेढी असली तरी तेच वापरा.

४५ दिवसांचं असं आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून किंवा सेवा देणाऱ्याकडून काही घेतलं, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. आयकराच्या ४३ बी (एच) कलमाने, २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, ती मुदत उलटली आणि ३१ मार्चला रक्कम बाकी असेल तर तो खर्च त्या वर्षी धरलाच जात नाही. प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळतो. समजा पॅकिंगच्या पिशव्या बनवणाऱ्याचे ६ लाख असे राहिले, तर त्या ६ लाखांवर यंदा कर भरायचा. नुसता व्यापार करणारा पुरवठादार यात येत नाही. म्हणून फेब्रुवारीत देण्यांची यादी काढा आणि कोण उत्पादक, कोण व्यापारी, ते वेगळं करा. दुसरी बाजूही लक्षात घ्या. तुम्ही स्वतः लघु उत्पादक आहात. मोठा गिऱ्हाईक अडवून बसला तर याच कायद्याचा आधार तुम्हालाही आहे. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं.

जीएसटीचं एक राहिलं. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी नावाचं पत्रक तयार होतं. तुमच्या पुरवठादारांनी बिलं दाखवलीत की नाही ते त्यात दिसतं. २० तारखेला रिटर्न भरायच्या आधी त्यावर मालकाने नजर टाकावी. ज्याने बिल दाखवलं नाही, त्याचं क्रेडिट मिळत नाही. त्याला फोन अकाउंटंटने केला तर तो 'बघतो' म्हणतो. मालकाने केला, आणि पुढचं पेमेंट थांबवतो म्हटलं, की संध्याकाळी काम होतं.

---

केळी_रावेर

सगळ्यांचं वाचलं. मिरचीवाल्या ताईंचं घरी वाचून दाखवलं.

कारकुनीबद्दलचं माझं मत कायम आहे, पण उधारीच्या यादीचं पटलं. आमचा माल नाशवंत. ट्रक गेला की आपल्या हातात काही राहत नाही, सगळं समोरच्या व्यापाऱ्याच्या शब्दावर. शेतकऱ्याला मात्र आम्हाला द्यावंच लागतं, गावात राहायचंय. आमच्या टॅलीत (हिशोबाचं सॉफ्टवेअर) जुनी उधारी वेगळी कशी काढायची? आमचा मुलगा म्हणतो, सगळी नुसती एकगठ्ठा दिसते.

---

हिशोबनीस_भुसावळ

दादा, टॅली प्राइममध्ये डिस्प्ले मोअर रिपोर्ट्स, मग स्टेटमेंट्स ऑफ अकाउंट्स, मग आउटस्टँडिंग्ज, मग रिसीव्हेबल्स. तिथे एज-वाइज घेतलं की ३०, ६०, ९० दिवस अशी फोड मिळते. पण एकगठ्ठा दिसतंय त्याअर्थी तुमच्याकडे बिलवार नोंद ठेवलेली नसावी. पार्टीच्या लेजरमध्ये 'मेंटेन बॅलन्सेस बिल-बाय-बिल' हे 'येस' करायला सांगा. पैसे आले की 'ऑन अकाउंट' न टाकता कुठल्या गाडीचे ते बिल निवडून टाकायचं. जुन्या नोंदी एकदा बसून लावाव्या लागतील. केळीच्या धंद्यात बिलावर गाडी नंबर टाकलात तर व्यापाऱ्याशी बोलताना वाद राहत नाही.

मुलाला व्यनि करायला सांगा, रविवारी फोनवर लावून देतो.

---

केळी_रावेर

रविवारी दुपारनंतर चालेल. सकाळी दोन गाड्या भरायच्या आहेत.